स्टीफन तिमोशेंको

स्टीफन प्रोकोफियेविच तिमोशेंको (२२ डिसेंबर १८७८ – २९ मे १९७२) हे युक्रेनमध्ये जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियांत्रिकी यामिकीचे प्राध्यापक, संशोधक आणि पाठ्यपुस्तककार होते. पदार्थांचे सामर्थ्य, स्थितिस्थापकता, यांत्रिक कंपने आणि रचनांचे स्थैर्य या विषयांवर त्यांनी रशियन व इंग्रजी भाषांत लिहिलेली पुस्तके विसाव्या शतकात जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली गेली. कीव, सेंट पीटर्सबर्ग, झाग्रेब, मिशिगन आणि स्टॅनफर्ड येथे त्यांनी अध्यापन केले. तुळईच्या वाकण्याविषयीचा एक महत्त्वाचा सिद्धान्त त्यांच्या नावाने ओळखला जातो. तरीही विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना त्यांची ओळख झाली ती मुख्यतः पुस्तकांच्या मुखपृष्ठावरून.

विद्यापीठीय जगात पाठ्यपुस्तक हे बहुधा दुय्यम काम समजले जाते आणि प्राध्यापकाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांवरून ठरवली जाते. तिमोशेंकोंच्या बाबतीत ही विभागणी लागू पडत नाही. त्यांचे बरेचसे संशोधन वर्गात शिकवताना पडलेल्या प्रश्नांतून निघाले, आणि ते अल्पावधीतच पुस्तकाच्या प्रकरणांत जाऊन बसले. राजकीय उलथापालथींमुळे त्यांना पद, शहर, देश आणि अध्यापनाची भाषाही बदलावी लागली. या सर्व स्थित्यंतरांत टिकून राहिला तो त्यांचा अभ्यासक्रम.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

तिमोशेंको यांचा जन्म तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील चेर्निगोव्ह प्रांतात, कोनोतोप शहराजवळच्या श्पोतिव्का या खेड्यात झाला. वडील व्यवसायाने भूमापक होते. माध्यमिक शिक्षण रोम्नी येथील शाळेत झाले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेले अब्राम योफे हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. १८९६ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या दळणवळण अभियंता संस्थेत प्रवेश घेतला. रेल्वे, रस्ते आणि पूल बांधणारे अभियंते घडवणारी ही रशियातील जुनी व प्रतिष्ठित संस्था होती. १९०१ मध्ये ते पदवीधर झाले. सक्तीची लष्करी सेवा संपवून ते त्याच संस्थेच्या चाचणी प्रयोगशाळेत रुजू झाले. सिमेंट आणि लोहमार्गाचे रूळ यांच्या चाचण्या घेणे हे तेथले काम होते.

१९०३ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या नव्या पॉलिटेक्निक संस्थेत व्हिक्टर किर्पिचेव्ह यांच्या हाताखाली शिकवू लागले. किर्पिचेव्ह हे रशियातील तांत्रिक शिक्षणाचे एक शिल्पकार होते. कीव पॉलिटेक्निकचे ते पहिले संचालक. विषय शिकवताना प्रत्यक्ष गणिते आणि उदाहरणे यांवर त्यांचा भर असे, आणि तिमोशेंकोंच्या पुढील पुस्तकांत हा संस्कार स्पष्ट दिसतो. याच काळात तिमोशेंको जर्मनीला गेले. १९०५ मध्ये गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या सान्निध्यात त्यांनी काम केले. उभट, अरुंद छेदाची तुळई भाराखाली एकाएकी कुशीवर कलंडते. अशा आय-आकाराच्या तुळईच्या पार्श्विक अस्थैर्यावरचे त्यांचे काम तेथेच आकाराला आले.

कीव : अध्यापन आणि बडतर्फी

१९०७ मध्ये कीव पॉलिटेक्निकमध्ये पदार्थांच्या सामर्थ्याच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. वय अवघे २८ वर्षांचे होते. रशियात हा विषय तेव्हा प्रतिबलाच्या सर्वसाधारण सिद्धान्तापासून, म्हणजे त्यातील सर्वांत अमूर्त भागापासून शिकवण्याची प्रथा होती. तिमोशेंकोंनी हा क्रम उलटा केला. आधी साधा ताण व दाब, मग तुळईचे वाकणे, आणि विद्यार्थ्याच्या हातून पुरेशी गणिते सुटल्यावर व्यापक सिद्धान्त, अशी त्यांची मांडणी होती. या व्याख्यानांतून तयार झालेले पदार्थांच्या सामर्थ्याचे रशियन पाठ्यपुस्तक १९११ मध्ये कीवमध्ये प्रसिद्ध झाले. साध्याकडून संमिश्राकडे जाणारी ही मांडणी आज स्वाभाविक वाटते, कारण नंतरच्या बहुतेक पुस्तकांनी तीच स्वीकारली.

१९०९ मध्ये ते आपल्या शाखेचे अधिष्ठाता म्हणून निवडून आले. दोनच वर्षांनी ही कारकीर्द अचानक तुटली. झारच्या राजवटीत उच्च शिक्षणसंस्थांत ज्यू विद्यार्थ्यांना ठरावीक टक्केवारीपलीकडे प्रवेश देण्यास बंदी होती. शिक्षणमंत्री कास्सो यांच्या काळात संस्थांच्या स्वायत्ततेवरचा सरकारी दाबही वाढला होता. कास्सो यांच्या धोरणाचा निषेध करणाऱ्या निवेदनावर तिमोशेंकोंनी सही केली. १९११ मध्ये त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आले.

पत्नी, मुले आणि डोक्यावर नोकरी नाही, अशा स्थितीत त्यांना सेंट पीटर्सबर्गला परतावे लागले. तेथील संस्थांत त्यांनी काही काळ तासिका तत्त्वावर व्याख्याने दिली. स्थिर पद मिळण्याची शक्यता त्या वेळी नव्हती. त्याच वर्षी त्यांच्या स्थितिस्थापक रचनांच्या स्थैर्यावरील १९१० च्या ग्रंथाला झुराव्स्की पारितोषिक मिळाले, आणि सुवर्णपदकासोबतच्या रकमेने अडचणीच्या दिवसांत आधार दिला. या पारितोषिकासाठी ग्रंथाचे परीक्षण करणाऱ्यांत जहाजबांधणीतज्ज्ञ इव्हान बुब्नोव्ह होते. आपल्या परीक्षणात बुब्नोव्ह यांनी तीच उदाहरणे सोडवण्याची एक वेगळी, सोपी वाट सुचवली. संख्यात्मक गणितात आज बुब्नोव्ह–गालेर्किन पद्धत म्हणून जी ओळखली जाते, तिचा उगम या परीक्षणात आहे. पुस्तक-परीक्षणातून एखादी गणिती पद्धत जन्माला आल्याची अशी उदाहरणे विरळाच.

पुढे तिमोशेंकोंवरील बंधने सैल झाली आणि राजधानीतच त्यांना प्राध्यापकपद मिळाले. याच काळात रशियन आरमाराच्या नव्या युद्धनौकांच्या रचनेबाबत त्यांनी सल्लागार म्हणून काम केले. जहाजाचा पोलादी पत्रा दाबाखाली केव्हा सुरकुततो आणि त्याला आडव्या पट्ट्यांचा आधार किती द्यावा, हा प्रश्न त्यांच्या सैद्धान्तिक अभ्यासाशी थेट जोडलेला होता. स्थितिस्थापकतेच्या सिद्धान्तावरील त्यांचे रशियन पाठ्यपुस्तक दोन भागांत, १९१४ आणि १९१६ मध्ये, प्रसिद्ध झाले.

क्रांती आणि स्थलांतर

१९१७ च्या क्रांतीनंतर ते कीवला परतले. १९१८ मध्ये व्लादिमिर व्हेर्नाद्स्की यांच्या पुढाकाराने युक्रेनची विज्ञान अकादमी स्थापन झाली. तिच्या पहिल्या सदस्यांत तिमोशेंको होते. अकादमीअंतर्गत यामिकीची संस्था त्यांनी उभी केली, आणि कीवमधील ही संस्था आज त्यांचेच नाव धारण करते.

यादवी युद्धात कीववरचा ताबा वारंवार बदलत होता. अखेर तिमोशेंकोंनी देश सोडला आणि ते युगोस्लाव्हियात पोहोचले. १९२० मध्ये झाग्रेबच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. क्रोएशियन भाषा त्यांना येत नव्हती. ते रशियन भाषेतच व्याख्याने देत आणि जमतील तितके क्रोएशियन शब्द त्यांत पेरत. दोन्ही भाषा स्लाव्ह कुळातील असल्याने विद्यार्थ्यांचे काम भागे. वयाच्या चाळिशीनंतर परक्या भाषेत नव्याने शिकवू लागण्याचा हा पहिला प्रसंग, पण अखेरचा नव्हे.

तुळईचा सिद्धान्त याच झाग्रेबच्या वास्तव्यात इंग्रजी वाचकांपुढे आला. त्याचा निबंध १९२१ मध्ये लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापला गेला.

तिमोशेंको तुळई-सिद्धान्त

ऑयलर आणि बर्नुली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सिद्धान्तात असे गृहीत धरले जाते की, तुळई वाकताना तिचा प्रत्येक आडवा छेद सपाट राहतो आणि तुळईच्या वाकलेल्या अक्षाशी काटकोनातच राहतो. लांब आणि सडपातळ तुळईसाठी हे गृहीतक पुरेसे अचूक असते. तुळई आखूड व जाड असली, किंवा ती फार जलद कंप पावत असली, तर मात्र उत्तर चुकू लागते. अशा तुळईचे थर एकमेकांवरून किंचित सरकतात. या सरकण्याला कर्तन-विकृती म्हणतात, आणि तिच्यामुळे छेद अक्षाशी काटकोनात राहत नाही. तिमोशेंकोंनी वाकण्याबरोबरच ही कर्तन-विकृती आणि छेदाच्या फिरण्यातील जडत्व ही दोन्ही एकाच समीकरणात आणली. फिरण्याच्या जडत्वाचा विचार लॉर्ड रेली यांनी पूर्वी केला होता. कर्तनाची जोड मिळाल्यावर तो पूर्ण झाला, आणि दोहोंपैकी कर्तनाचा परिणाम अधिक मोठा असल्याचे दिसून आले.

या कामात भौतिकशास्त्रज्ञ पॉल एरेनफेस्ट यांचा सहभाग होता. १९०७ ते १९१२ या काळात एरेनफेस्ट सेंट पीटर्सबर्गमध्ये राहत होते. त्यामुळे अलीकडे काही अभ्यासक या सिद्धान्ताला दोघांचेही नाव देणे न्याय्य मानतात. संगणकावर रचनांचे विश्लेषण करणाऱ्या आजच्या आज्ञावलींत तुळईचा हा प्रकार सर्रास वापरला जातो.

अमेरिका : कारखान्यातील वर्ग

१९२२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, तिमोशेंको अमेरिकेत आले. प्राध्यापकपद त्यांची वाट पाहत नव्हते. फिलाडेल्फियातील व्हायब्रेशन स्पेशालिटी या लहानशा कंपनीत त्यांनी सुरुवात केली. फिरत्या यंत्रभागांचा समतोल साधणे हा तिचा व्यवसाय होता. पुढल्या वर्षी ते पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कंपनीत दाखल झाले आणि १९२७ पर्यंत तेथे राहिले.

वेस्टिंगहाउसमध्ये मोठी टर्बाइने आणि विजेवर चालणारी रेल्वे इंजिने बनत. फिरता दंड ठरावीक वेगाला का थरथरू लागतो, इंजिनाचे चाक रुळावरून जाताना रुळात किती प्रतिबल निर्माण होते, दोन धातूंची जोडपट्टी तापल्यावर किती वाकते, असे प्रश्न तिमोशेंकोंकडे येत. जोडपट्टीवरील त्यांचा १९२५ चा निबंध तापमान-नियंत्रकांच्या संदर्भात आजही उल्लेखला जातो. पाठ्यपुस्तकांच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी होती. अमेरिकन अभियंत्यांचे गणित व यामिकी कच्चे आहे, असे त्यांचे मत झाले, आणि आत्मचरित्रातही त्यांनी ते लपवले नाही. कंपनीतील तरुण अभियंत्यांसाठी ते संध्याकाळी वर्ग घेऊ लागले. त्या व्याख्यानांवर आधारित 'अप्लाइड इलॅस्टिसिटी' हे पुस्तक सहकारी लेसेल्स यांच्यासह त्यांनी लिहिले. ते १९२५ मध्ये कंपनीच्याच रात्रशाळेच्या छापखान्यामार्फत प्रसिद्ध झाले. इंग्रजीतील त्यांचे हे पहिले पुस्तक होय. विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेऐवजी कारखान्याच्या रात्रशाळेने ते काढावे, यात त्या काळच्या अमेरिकन अभियांत्रिकी शिक्षणाचे चित्र उमटले आहे.

या वर्तुळात याकोप पीटर डेन हार्टोग हेही होते. १९२४ मध्ये वेस्टिंगहाउसमध्ये आलेले हे डच तरुण पुढे हार्वर्ड आणि एमआयटी येथे प्राध्यापक झाले. त्यांचे 'मेकॅनिकल व्हायब्रेशन्स' (१९३४) हे पुस्तक त्या विषयातील अभिजात ग्रंथ मानले जाते.

मिशिगन आणि स्टॅनफर्ड

१९२७ मध्ये तिमोशेंको मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अभियांत्रिकी यामिकीचे पदवी आणि डॉक्टरेट अभ्यासक्रम त्यांनी तेथे उभे केले. उन्हाळ्याच्या सुटीत ते देशभरातील प्राध्यापकांसाठी व संशोधक विद्यार्थ्यांसाठी यामिकीची सत्रे भरवत. प्रांटल, साउथवेल, फॉन कार्मान, वेस्टरगार्ड यांसारखे नामवंत या सत्रांत शिकवून गेले. युरोपातील सैद्धान्तिक परंपरा अमेरिकेत रुजण्यास या उन्हाळी वर्गांचा मोठा हातभार लागला. अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या एएसएमई या संस्थेत उपयोजित यामिकीचा स्वतंत्र विभाग १९२७ मध्ये सुरू झाला, त्यामागेही तिमोशेंकोंची खटपट होती.

१९३६ मध्ये ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९४४ मध्ये औपचारिक निवृत्तीनंतरही मानद प्राध्यापक म्हणून त्यांनी बराच काळ शिकवणे चालू ठेवले.

पाठ्यपुस्तके

तिमोशेंकोंची प्रमुख इंग्रजी पुस्तके बारा वर्षांच्या अवधीत लिहिली गेली. 'व्हायब्रेशन प्रॉब्लेम्स इन इंजिनिअरिंग' १९२८ मध्ये आले, तर 'स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स' हे १९३० मध्ये दोन भागांत. त्यानंतर 'थिअरी ऑफ इलॅस्टिसिटी' (१९३४), 'थिअरी ऑफ इलॅस्टिक स्टॅबिलिटी' (१९३६) आणि 'थिअरी ऑफ प्लेट्स अँड शेल्स' (१९४०) ही प्रगत पुस्तके निघाली. यांखेरीज डोनोव्हन यंग यांच्यासह 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्स' (१९३७) आणि 'थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स' (१९४५) ही पुस्तके त्यांनी लिहिली. हा वेग अचंबित करणारा वाटतो. पण यांतील बऱ्याच साहित्याची पूर्वतयारी कीव आणि सेंट पीटर्सबर्गच्या वर्गांत झाली होती, हे ध्यानात घेतले की त्याचा उलगडा होतो. स्थितिस्थापकतेच्या इंग्रजी ग्रंथामागे १९१४ चा रशियन अभ्यासक्रम आहे आणि स्थैर्यावरील ग्रंथामागे १९१० चे पारितोषिकप्राप्त लेखन.

'स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स'च्या पहिल्या भागाची रचना पाहण्याजोगी आहे. पहिले प्रकरण केवळ ओढल्या किंवा दाबल्या जाणाऱ्या दांडीचे. दुसऱ्यात प्रतिबल आणि विकृतीचे विश्लेषण येते, पण मर्यादित स्वरूपात. पुढे तुळईतील नमन-परिबल, मग त्यातील प्रतिबले, मग तुळईची झोळ, आणि त्यानंतर ज्या रचना केवळ समतोलाच्या समीकरणांनी सुटत नाहीत त्यांचा विचार. प्रत्येक नव्या कल्पनेपाठोपाठ सोडवलेली उदाहरणे आणि उत्तरांसह सरावाची गणिते येतात. उदाहरणे बहुधा प्रत्यक्ष यंत्रांतली, पुलांतली किंवा रुळांतली असतात. तळटिपांत एखादे सूत्र प्रथम कोणी व केव्हा मांडले याची नोंद असते. या टिपांमुळे विद्यार्थ्याला सूत्रामागचा माणूस दिसतो. हाच ओढा पुढे 'हिस्टरी ऑफ स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स' (१९५३) या स्वतंत्र इतिहासग्रंथात परिणत झाला. तोही पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांवर आधारलेला आहे.

गणिताबाबत त्यांचे धोरण संयमाचे होते. अचूक उत्तर अवघड असेल तेथे ऊर्जेच्या तत्त्वावर आधारित आसन्न उत्तर ते देतात आणि त्यातील चूक किती असू शकेल हे दाखवतात. कारखान्यातील अभियंत्याला हेच हवे असते.

या पुस्तकांच्या मर्यादाही आहेत. प्रदिशांची संक्षिप्त चिन्हपद्धती त्यांत वापरलेली नाही, त्यामुळे त्रिमितीय समीकरणे लांबलचक होतात आणि आधुनिक सातत्य-यामिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळी भाषा शिकावी लागते. धातू स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे गेल्यावर काय होते याचा विचार तुलनेने थोडा आहे. संगणकीय पद्धती तर ही पुस्तके लिहिली गेली तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या. तरीही संगणकाने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी अभियंते आजही पट्टिका व कवचांवरील ग्रंथातील सूत्रे आणि कोष्टके उघडतात.

शिष्य आणि सहलेखक

तिमोशेंकोंच्या शिष्यांपैकी अनेक जण स्वतः पाठ्यपुस्तककार झाले. मिशिगनमध्ये त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेले जेम्स नॉर्मन गुडियर हे 'थिअरी ऑफ इलॅस्टिसिटी'च्या १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीचे सहलेखक आहेत. मिक्लोश हेतेन्यी यांनी स्थितिस्थापक पायावरील तुळयांवर १९४६ मध्ये लिहिलेले पुस्तक आजही संदर्भासाठी वापरले जाते. कीवमध्येच जन्मलेल्या एगोर पोपोव्ह यांनी स्टॅनफर्डमध्ये १९४६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बर्कलीत प्राध्यापक असताना लिहिलेले त्यांचे पदार्थांच्या यामिकीवरील पाठ्यपुस्तक (१९५२) भारतातही परिचित आहे.

जेम्स गीअर यांचे उदाहरण वेगळे आहे. ते स्टॅनफर्डमध्ये आले तेव्हा तिमोशेंको निवृत्त झाले होते. 'थिअरी ऑफ इलॅस्टिक स्टॅबिलिटी'ची १९६१ ची आवृत्ती दोघांच्या नावाने निघाली. पुढे गीअर यांनी 'मेकॅनिक्स ऑफ मटेरिअल्स' हे पुस्तक तयार केले. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांवर तिमोशेंकोंचे नाव सहलेखक म्हणून होते, नंतरच्या आवृत्त्या गीअर आणि गुडनो यांच्या नावाने आल्या. मूळ लेखक जाऊन सहलेखक येतो, मग तोही जातो, आणि पुस्तक मात्र नव्या आवृत्त्यांतून चालू राहते, असा हा पाठ्यपुस्तकांचा विशेष वंशवृक्ष आहे.

भारतात

भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिमोशेंकोंची पुस्तके प्रथम परदेशी प्रकाशकांच्या स्वस्त विद्यार्थी-आवृत्त्यांतून आणि नंतर भारतीय पुनर्मुद्रणांतून पोहोचली. 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्स'ची तर भारतीय लेखकांनी सुधारलेली आवृत्ती उपलब्ध आहे. स्थापत्य आणि यांत्रिकी शाखांच्या अभ्यासक्रमांत संदर्भग्रंथ म्हणून त्यांची नावे दिली जातात. परीक्षेच्या तयारीसाठी विद्यार्थी बहुधा देशी लेखकांची, सोडवलेल्या प्रश्नांनी भरलेली पुस्तके वापरतात. त्या पुस्तकांतील प्रकरणांचा क्रमही पुष्कळदा तिमोशेंकोंच्याच वळणाचा असतो.

सन्मान

सोव्हिएत विज्ञान अकादमीने १९२८ मध्ये त्यांना संबद्ध सदस्य म्हणून निवडले आणि १९६४ मध्ये परदेशी सदस्यत्व दिले. देशत्याग केलेल्या प्राध्यापकाच्या बाबतीत ही बाब लक्षणीय आहे. त्यांच्या इंग्रजी पुस्तकांची रशियन भाषांतरेही सोव्हिएत संघात छापली जात होती. १९४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. एएसएमईने उपयोजित यामिकीतील कार्यासाठी तिमोशेंको पदक सुरू केले आणि १९५७ मध्ये पहिले पदक त्यांनाच दिले.

अखेरची वर्षे

पत्नी अलेक्सांद्रा यांचे १९४६ मध्ये निधन झाले. १९५८ मध्ये, सुमारे चार दशकांनंतर, तिमोशेंकोंनी सोव्हिएत संघाला भेट दिली. आपण जेथे शिकलो आणि शिकवले त्या संस्था त्यांनी पाहिल्या. त्या निरीक्षणांवरचे रशियातील अभियांत्रिकी शिक्षणाविषयीचे छोटेखानी पुस्तक पुढल्या वर्षी अमेरिकेत निघाले. उपग्रहाच्या प्रक्षेपणानंतर रशियन तंत्रशिक्षणाविषयी अमेरिकेत मोठे कुतूहल होते, त्यामुळे ते वेळेवर आले. आत्मचरित्र त्यांनी रशियन भाषेत लिहिले. ते १९६३ मध्ये पॅरिसमध्ये आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी पश्चिम जर्मनीतील वुपर्टाल येथे मुलीजवळ घालवली. २९ मे १९७२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे पुरण्यात आल्या. गीअर यांच्यासह लिहिलेल्या 'मेकॅनिक्स ऑफ मटेरिअल्स'ची पहिली आवृत्ती त्याच वर्षी बाजारात आली.